कॉलेज बघायला जाल, तर आधी ओपीडी बघा
पुनर्वसन उपचारांच्या अभ्यासक्रमांविषयी वाचकांचे प्रश्न

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण उपचार आणि कृत्रिम अवयवशास्त्र या चार अभ्यासक्रमांविषयी आलेल्या पत्रांमधून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. बहुतेक पत्रे लहान गावांतून आली आहेत, आणि लहान विद्यापीठांविषयीची धास्ती त्या सगळ्यांत आहे.

प्रश्न : मुलाला नीटमध्ये बेताचे गुण आहेत. राज्याच्या प्रवेशफेरीत पुण्या-मुंबईचे कॉलेज मिळेल असे वाटत नाही. एका तालुक्याच्या गावातल्या लहान अभिमत (डीम्ड) विद्यापीठात फिजिओथेरपीला जागा मिळते आहे. नातेवाईक म्हणतात, खेड्यातली पदवी घेऊन काय करणार? काय पाहून ठरवावे?
– एक पालक, मराठवाडा

उत्तर : गाव लहान आहे याची काळजी सोडा. लोणी, कराड, सावंगी इथली अभिमत विद्यापीठे मोठ्या शहरांपासून लांबच आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात. हा हाताने शिकायचा विषय आहे. चार वर्षांत मुलाच्या हाताखालून किती आणि किती प्रकारचे रुग्ण गेले, आणि त्या वेळी शेजारी शिक्षक उभे होते की नव्हते, यावर सगळे ठरते. ग्रामीण रुग्णालयात जे दिसते ते शहरातल्या काचेच्या क्लिनिकमध्ये सहसा येतच नाही : कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात गेलेला हात, भाजल्यानंतर आखडलेली मान, मधुमेहामुळे कापावा लागलेला पाय, अर्धांगवायू होऊन दोन महिने घरीच पडून राहिलेला माणूस. मात्र रुग्णालय खरोखर चालते आहे का, हे स्वतः जाऊन बघायला हवे.

सोमवारी किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी साडेनऊला पोहोचा. माहितीपुस्तिका घेऊन ऑफिसात बसू नका. फिजिओच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर दोन तास बसा आणि मोजा. नवे रुग्ण किती आले, जुने किती, आणि त्यांच्यामागे विद्यार्थी किती आहेत? दहा रुग्ण आणि तीस विद्यार्थी असे चित्र असेल, तर वीसजण नुसते बघत उभे राहणार. दुसरी गोष्ट, रुग्णावर काय चालले आहे ते पाहा. आलेल्या प्रत्येकाला मशीन लावून, वर शेकपिशवी ठेवून पंधरा मिनिटांनी घरी पाठवत असतील, तर तिथे मुलगा मशीनची बटणे शिकेल. चांगल्या विभागात विद्यार्थी रुग्णाचा सांधा हलवून, कोन मोजून, स्नायूची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत लिहून घेताना दिसतो आणि शिक्षक त्याच्या वहीत लाल शाईने खाडाखोड करताना दिसतात. कोपऱ्यातल्या उपकरणांवर अजून प्लॅस्टिकचे वेष्टण असेल तर तीही माहितीच आहे.

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि एकच विचारा : गेल्या आठवड्यात किती रुग्णांची तपासणी तू स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलीस? उत्तर चटकन आले आणि त्यात आजारांची नावे आली, तर ठीक. तो अडखळला तर आणखी दोघांना विचारा. अतिदक्षता विभागात छातीच्या फिजिओसाठी पाळी लागते का, बालरुग्ण आणि मेंदूविकाराच्या वॉर्डांत किती आठवडे असतात, शरीररचनाशास्त्रासाठी प्रत्यक्ष शवविच्छेदन दाखवतात की नुसती मॉडेल्स, हेही त्यांच्याकडूनच कळेल. एक गोष्ट विशेष तपासा. काही संस्थांचे स्वतःचे रुग्णालय नसते, दुसऱ्या रुग्णालयाशी फक्त करार असतो. तसे असेल तर बस किती वाजता जाते, किती वाजता परत येते आणि तिथे सोबत शिक्षक कोण असतात, हे विचारा. करार कागदावर असतो आणि विद्यार्थी कॅन्टीनमध्ये, असे होते.

आता कागदपत्रांकडे या. राज्याच्या आरोग्य विद्यापीठाच्या आजवरच्या रचनेत फिजिओची पदवी चार वर्षे आणि सहा महिने इंटर्नशिप अशी साडेचार वर्षांची आहे. २०२१च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या, फिजिओसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची आहे, त्यातले शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे. तुमच्या मुलाच्या तुकडीला कोणता अभ्यासक्रम लागू आहे, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. सहा महिन्यांचा फरक म्हणजे खोलीभाडे आणि जेवणाचाही फरक. शुल्काचे तसेच आहे. संलग्न खासगी कॉलेजांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, अभिमत विद्यापीठ आपले शुल्क आपण ठरवते. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून बेत करू नका. चारही वर्षांची वाढ, परीक्षा शुल्क, वसतिगृह, अनामत असे सगळे एका कागदावर शिक्क्यासह मागा. शासकीय शिष्यवृत्त्या बहुतांशी राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीतून आलेल्यांसाठी असतात. तेव्हा इथे कोणती मिळेल आणि कोणती मिळणार नाही, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महाराष्ट्रात काम करायला राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. त्या संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या कुणाचा नोंदणी क्रमांक दाखवा म्हणावे. तो एका मिनिटात दाखवता आला पाहिजे. ‘थेरपी’ हा शब्द नावात असलेले एक-दोन वर्षांचे डिप्लोमे गावोगाव निघाले आहेत, त्यांची चौकशी थेट परिषदेकडे केल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

प्रश्न : फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) यांत नेमका फरक काय? ओटीला जागा सहज मिळते म्हणून घ्यावी का?
– बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सहज मिळते म्हणून घेऊ नका, आवडत असेल तर जरूर घ्या. फरक एका रुग्णावरून सांगतो. पंचावन्न वर्षांच्या बाईंना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपिस्ट त्यांना खाटेवर कुशीवर वळवणे, बसवणे, उभे करणे, तोल सांभाळणे आणि चालणे यावर काम करेल. पायाचा घोटा ओढला जाऊ नये म्हणून ताण देईल, खांदा निसटू नये म्हणून हात कसा ठेवायचा ते घरच्यांना शिकवेल. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा पहिला प्रश्न वेगळा असेल : बाई घरी काय काय करत होत्या? एका हाताने ब्लाउजची हुक कशी लावायची, आधी लुळा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, भाकरी थापता आली नाही तरी परात घसरू नये म्हणून खाली ओले फडके कसे ठेवायचे, न्हाणीघरात स्टूल कुठे असावे, ही सगळी ओटीची कामे. त्यातच लक्ष, स्मरण, डावी-उजवी ओळख यांची तपासणी येते. हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारे आधार), स्वमग्न मुलांचे काम, मानसिक आजारातले पुनर्वसन हेही ओटीचे प्रांत आहेत.

या विषयाची मुळे महाराष्ट्रात खोल आहेत. देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. तरीही लोकांना फिजिओ माहीत आहे, ओटी माहीत नाही. पदवीनंतर आपले काम काय ते प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक घराला समजावून सांगावे लागेल, याची तयारी ठेवा. प्रवेशाआधी एखाद्या विशेष शाळेत किंवा रुग्णालयाच्या ओटी विभागात चार दिवस नुसते बसून या. कंटाळा आला नाही तर हा विषय तुमचा आहे.

प्रश्न : मी फिजिओच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जिल्हा परिषदेची शाळा. शरीररचनाशास्त्राची इंग्रजी पुस्तके वाचताना एका पानाला तास लागतो. पहिल्या चाचणीत नापास झालो. सोडून द्यावे का?
– एक विद्यार्थी, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : सोडू नका. पहिल्या चाचणीत पडणाऱ्यांत इंग्रजी माध्यमाचीही मुले असतात, कारण त्या विषयात इंग्रजी कमी आणि लॅटिन जास्त. ते सगळ्यांनाच परके आहे.

पान वाचून मग हाड बघायचे, हा क्रम उलटा करा. विभागातून हाडांचा संच मागून घ्या. लहान विद्यापीठात हा एक फायदाच असतो, साठजणांच्या वर्गात संच मिळण्याची शक्यता दोनशेजणांच्या वर्गापेक्षा जास्त. हाड हातात धरा, उजवे की डावे ते ठरवा, मग पुस्तकातला एकेक उंचवटा बोटाने शोधा आणि लगेच तोच स्वतःच्या अंगावर चाचपून पाहा. स्नायूसाठी चारच गोष्टी लिहा : कुठून निघतो, कुठे चिकटतो, कोणती नस (मज्जातंतू), काय हालचाल. वाक्ये नकोत. दिवसाला चार स्नायू, आणि रविवारी नवे काही नाही, फक्त आठवड्याचे चोवीस कोऱ्या कागदावर न बघता. हाताच्या नसांचे जाळे, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, वाचून कधीच येत नाही. मानेच्या पाचव्या नसेपासून छातीच्या पहिल्या नसेपर्यंतच्या पाच मुळांपासून सुरू करून ते रोज एकदा काढा. पंधरा दिवसांत हात आपोआप चालतो.

आणि कोन मोजायला आतापासून शिका. गुडघ्यासाठी गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या दोन भुजांच्या साधनाचा) मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या खालच्या उंचवट्यावर, स्थिर भुजा खुब्याच्या बाहेरच्या हाडाकडे, हलती भुजा बाहेरच्या घोट्याकडे. चूक बहुधा मध्यात होत नाही. रुग्ण गुडघा वाकवताना कंबर उचलतो, आपण बघत नाही आणि कोन फुगतो. तेव्हा भुजा धरण्याआधी मांडी स्थिर करा. पुस्तकात ‘कार्यापुरता’ म्हणून दिलेल्या कोनावर समाधान मानू नका. खुर्चीतून उठायला शंभरच्या आसपास पुरते, पण आपल्याकडे उकिडवे बसायचे तर गुडघा १३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. रुग्ण तेच मागणार आहे.

प्रश्न : ओटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मनगट पडलेल्या (वर उचलता न येणाऱ्या) रुग्णासाठी कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट मागे कलवून धरणारा आधार, करायला दिला की माझा दर वेळी बिघडतो. कधी मनगट सरळच राहते, कधी रुग्ण दुसऱ्या दिवशी टोचते म्हणून काढून आणतो. आमच्याकडे थर्मोप्लास्टिकचा (गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा) पत्रा मोजूनमापून मिळतो, वाया घालवायची भीती वाटते.
– एक विद्यार्थिनी, विदर्भ

उत्तर : पत्रा महाग आहे म्हणूनच कागदावर जास्त वेळ घालवा. रुग्णाचा हात कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा आणि हात उचलण्याआधी खुणा करा : मनगटाच्या दोन्ही बाजू, तळहातावरची बोटांजवळची आडवी घडी, अंगठ्याच्या मुळाची वळणदार घडी आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराचा दोन-तृतीयांश. स्प्लिंट तिथवर गेलाच पाहिजे. आखूड झाला तर हाताचे सगळे वजन मागच्या कडेवर येते आणि टोचते. रुंदी इतकी हवी की पन्हळ हाताच्या निम्म्या घेराला धरेल. कागदी नमुना कापून रुग्णाच्या हातावर बसवून पाहा, मुठ वळवायला सांगा. कागद बोटांच्या मुळाशी अडला तर पत्राही अडणार. पहिले दहा नमुने मैत्रिणींच्या हातांवर कागदाचेच करा, त्याला पैसे पडत नाहीत.

पाणी ६५ ते ७५ अंश सेल्सिअस ठेवा, थर्मामीटर लावून. नेमके तापमान पत्र्याच्या कंपनीप्रमाणे बदलते, पाकिटावर बघा. नेहमीच्या जाडीच्या पत्र्याला साधारण मिनिटभर पुरते. घाईने अर्धवट मऊ असतानाच काढला तर तो बसत नाही, फार वेळ ठेवला तर स्वतःच्या वजनाने ताणला जाऊन पातळ होतो. काढून टॉवेलवर टिपा, स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकवून चटका बसत नाही ना ते पाहा, मगच रुग्णावर ठेवा.

मनगट सरळ राहण्याचे कारण बहुधा हे : पत्रा घालताना तुमचे सगळे लक्ष तळहाताच्या कमानीकडे जाते आणि मनगट तुमच्या नकळत खाली येते. मनगटाचा २० ते ३० अंशांचा मागे कल आधी धरा, एका हाताने तो तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने पत्रा बसवा. रुग्णाचा तळवा वर ठेवलात तर पत्रा आपल्या वजनानेच बसतो. बोटांच्या टोकांनी दाबू नका, खळगे पडतात आणि तेच खळगे पुढे टोचतात. सगळा तळवा वापरून हळुवार फिरवा. घट्ट व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात, तेवढा वेळ कोन सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी टोचण्याचे मूळ करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडात असते. तिथे फोमचा तुकडा आधी चिकटवा आणि त्यावरून पत्रा घडवा. घडवून झाल्यावर आतून फोम लावलात तर जागा आणखी कमी होते आणि दाब वाढतो. कडा बाहेरच्या बाजूला किंचित वळवा. पट्टे तीन : हाताच्या पाठीवर, मनगटावर आणि मागच्या टोकाला. आता रुग्णाला घरी सोडू नका. अर्धा तास घालून बसवा, काढा, त्वचा पाहा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तिथला भाग पुन्हा तापवून सैल करा. रुग्णाच्या हाताला संवेदना नसेल तर त्याला टोचल्याचे कळतच नाही, तेव्हा ही तपासणी रोज घरच्या माणसाने करायची आणि काय बघायचे ते तुम्ही मराठीत, लेखी द्यायचे.

प्रश्न : एका लहान विद्यापीठात वाचा-श्रवण उपचारांची पदवी सुरू झाली आहे. वर्गात वीस मुले आहेत. प्रवेश घ्यावा का? आणि कृत्रिम अवयवांच्या अभ्यासक्रमालाही हेच निकष लागतात का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : या दोन्ही अभ्यासक्रमांवर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण आहे, १९९२च्या कायद्याप्रमाणे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. त्या संस्थेतल्या त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता हवी, आणि ती ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती असते. ‘मान्यता आहे’ एवढ्यावर थांबू नका, परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत तुमच्या प्रवेशाचे वर्ष तपासा. मान्यता नसलेल्या वर्षी घेतलेल्या पदवीवर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला क्रमांक मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय काम करता येत नाही.

वाचा-श्रवणासाठी वीस मुलांचा वर्ग उत्तमच. ध्वनिरोधक खोली आहे का आणि ऑडिओमीटरचे (ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या यंत्राचे) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, शेवटचे कधी झाले, ते बघा. प्रमाणपत्र मशीनजवळच असायला हवे. नवजात बाळांची श्रवण तपासणी रुग्णालयात चालते का तेही विचारा. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार हा या क्षेत्राचा नियम आहे, आणि तो पाळणाऱ्या रुग्णालयात शिकलेला विद्यार्थी वेगळाच तयार होतो. मराठी मुलांसाठी साहित्य कोणते वापरतात? हिंदीवरून उचललेल्या चित्रसंचात आपला ‘ळ’ पुरेसा येत नाही, आणि ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा, हे त्यात धरलेलेच नसते. मग मूल बरोबर बोलत असूनही चुकीचे ठरते, किंवा उलट. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तुमच्या विद्यापीठातून अशा ठिकाणी काही आठवड्यांसाठी पाठवतात का, ते विचारून घ्या.

कृत्रिम अवयवांच्या बाबतीत वर्गापेक्षा कार्यशाळा बघा. प्लास्टरची धूळ, तापलेली भट्टी, अर्धवट घासलेले सॉकेट (कृत्रिम अवयवाची खोबण) दिसले की समजावे, काम चालते. सगळे चकचकीत असेल तर चौकशी करा.

प्रश्न : ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओ करून पुढे परदेशात जायचे आहे. लहान विद्यापीठाची पदवी चालते का?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : विद्यापीठाच्या आकारावर अडत नाही, नोंदींवर अडते. परदेशातल्या परिषदा विषयवार तास, प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास आणि तुमच्या तुकडीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागतात. लहान ठिकाणी सात वर्षांनी जुना अभ्यासक्रम सापडत नाही, सही करणारे शिक्षक निघून गेलेले असतात. म्हणून शेवटच्या वर्षातच अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत घ्या, आणि इंटर्नशिपमध्ये प्रत्येक पाळी संपली की त्याच दिवशी लॉगबुकात विभाग, तारखा आणि तास लिहून सही घ्या. महिन्याअखेरीस एकदम सह्या घ्यायची सवय लावून घेऊ नका.

ऑक्युपेशनल थेरपीसाठी जागतिक महासंघाची मान्यता त्या अभ्यासक्रमाला आहे का ते प्रवेशाआधीच पाहा. महासंघाला किमान एक हजार तासांचे प्रत्यक्ष काम अपेक्षित असते. ब्रिटनमध्ये या व्यवसायांची नोंदणी करणाऱ्या परिषदेला, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिल्यास, फिजिओ आणि ओटीसाठी एकूण ७ आणि कोणत्याही भागात ६.५पेक्षा कमी नाही, असे गुण लागतात. वाचा-उपचारासाठी ती मर्यादा ८ आणि ७.५ आहे. अमेरिकेत फिजिओचे मूळ शिक्षणच आता डॉक्टरेट पातळीचे आहे, त्यामुळे आपल्या पदवीची तुलना होऊन कमी पडलेले विषय तिथे पुरे करावे लागतात. त्याचा खर्च आणि एक-दोन वर्षे हिशेबात धरूनच कर्ज काढा. लॉगबुकाचे प्रत्येक पान सही झाल्या दिवशी मोबाइलवर स्कॅन करून घरच्या एखाद्या माणसाकडेही पाठवून ठेवा.